तेलविहिरींची कुंडली

पत्रिका जुळत नाहीं म्हणून सोयरीक मोडणाऱ्यांस हंसणारा आपला सुशिक्षित वर्ग अलीकडे एका नव्याच पत्रिकेपुढें भाविकपणें हात जोडून उभा राहूं लागला आहे. ही पत्रिका वधूवरांची नसून तेलविहिरींची आहे. विहिरीच्या मागील पांचदहा वर्षांच्या उत्पादनाचे आंकडे संगणकांत घालावे, संगणकानें ते ‘शिकावे’, आणि पुढील पांचदहा वर्षांत त्या विहिरींतून किती कच्चें तेल निघेल तें महिन्यावारी सांगून टाकावें, असा हा विधि आहे. इंग्रजींत ह्यास मशीन लर्निंग म्हणतात. आपण यंत्रशिक्षण म्हणूं. ह्या विधीचें फळ वर्तमानपत्रांतून व परिषदांच्या निबंधांतून आपल्यापुढें येतें तेव्हां त्याला बहुधा एक शेंदूर फांसलेला असतो : ‘अचूकता ९८ टक्के’. हा शेंदूर पाहिला कीं, एरवीं भाजीवाल्याशीं दोन रुपयांसाठीं हुज्जत घालणारा गृहस्थही प्रश्न विचारावयाचें विसरतो.

आमचा आक्षेप यंत्रावर नाहीं, गणितावर तर नाहींच नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, खनिज तेलाच्या उत्पादनाचें प्रत्येक भाकित हें मुळांत एक ‘जर-तर’ वाक्य असतें. जर विहिरी इतक्या खणल्या, जर भाव इतका राहिला, जर खडकांतील दाब असा टिकला, तर इतकें तेल निघेल. जुने भाकितकार हा ‘जर’ निदान मोठ्यानें उच्चारीत असत. नव्या विधींत तो आंकड्यांच्या ढिगांत गिळला जातो आणि वाचकाच्या हातीं नुसता ‘तर’ पडतो. असें भाकित मग सरकारच्या हातीं संकल्प बनतें, कंपनीच्या हातीं करार बनतें. आणि तें चुकलें म्हणजे त्याची किंमत भाकित करणारा देत नाहीं, ती तुम्हीआम्ही देतों. ह्या गिळलेल्या ‘जर’ विरुद्ध आमची तक्रार आहे.

हा वाद तज्ज्ञांचा आहे, संसारी वाचकांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. त्यांस आम्ही दोनच आंकडे दाखवितों. भारतांतील कच्च्या तेलाचें उत्पादन २०११-१२ सालीं सुमारे ३८० लाख टन होतें. २०२३-२४ पर्यंत तें ३०० लाखांच्याही खालीं उतरलें. आणि देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणावें लागत आहे. मागणी चढत आहे आणि घरची विहीर आटत आहे. नाशिकचा कांदा मुंबईस येतो तो डिझेलवर, आणि त्या डिझेलचा भाव कांद्याच्या भावांत मिसळूनच आपल्या ताटांत पडतो. अशा देशांत उद्यां किती तेल निघेल ह्या प्रश्नाचें उत्तर कोण देतो, कसें देतो आणि कोणत्या अटींवर देतो, हें पाहणें प्रत्येक घराचें काम आहे.

प्रथम विहिरीचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. तेलविहीर ही आपल्या परसांतील विहिरीसारखी नसते. खालीं तेलाचा डोह नसतो. भिजलेल्या विटेंत पाणी मुरलेलें असावें तसें तेल खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरलेलें असतें, आणि भूगर्भांतील दाबामुळें तें विहिरीकडे ढकललें जातें. जों जों तेल काढावें तों तों दाब उतरतो, आणि दाब उतरला कीं ओघ मंदावतो. पुढें तेलाबरोबर पाणी येऊं लागतें व त्याचें प्रमाण वाढत जातें. दाब टिकावा म्हणून बाहेरून पाणी कोंबणें, तेल वर चढावें म्हणून विहिरींत वायु सोडणें, जुन्या विहिरीला आडवी फांदी फोडणें, हे सारे मनुष्याचे उपाय आहेत. ते केले तर ओघ सांवरतो, न केले तर नाहीं. ह्या उताराचें साधें गणित जे. जे. आर्प्स ह्यानें १९४५ सालीं एका निबंधांत मांडलें. दर वर्षीं ठराविक टक्क्यांनीं होणारी घट, आणि घटीचा वेगच हळूहळू मंद होत जाण्याच्या आणखी दोन तऱ्हा, असे त्यानें तीन प्रकार सांगितले. कागद-पेन्सिलीनें करतां येणारें हें गणित आजही तेलाच्या धंद्यांत नित्य वापरलें जातें. त्याचा मोठा गुण असा कीं त्याचा ‘जर’ उघडा आहे : विहीर आजवर जशी चालविली तशीच पुढें चालविली, तर उतार असाच राहील. झडप अधिक उघडली किंवा पाणी कोंबलें, कीं रेषा पुनः काढावी लागते.

आतां एका विहिरीवरून सबंध देशाकडे वळूं. एम्. किंग हबर्ट हा शेल कंपनींतील भूशास्त्रज्ञ. मार्च १९५६ मध्यें टेक्सासांतील सॅन अँटोनियो येथें तेलधंद्यांतील मंडळींपुढें त्यानें असें मांडलें कीं, अमेरिकेच्या मुख्य भूमींतील तेलाचें उत्पादन घंटेच्या आकाराच्या रेषेनें चढेल आणि उतरेल. एकूण काढण्याजोगें तेल १५० अब्ज पिंपें धरलें तर शिखर १९६५ च्या सुमारास येईल, २०० अब्ज धरलें तर १९७० च्या सुमारास. दोन बेरजा, दोन शिखरें. ‘जर’ स्पष्ट होता. पुढें १९७० सालीं अमेरिकेचें उत्पादन दिवसाला सुमारे ९६ लाख पिंपांवर पोहोंचलें आणि उतरूं लागलें. झालें! लोकांनीं हबर्टला द्रष्ट्यांत बसविलें आणि त्याचा ‘जर’ पाटावरून उठवून बाहेर घातला.

२००८ सालीं अमेरिकेचें उत्पादन ५० लाख पिंपांपर्यंत खालीं आलें होतें. त्यानंतर आडव्या विहिरी खणून आणि दाबाच्या पाण्यानें शेल खडक फोडून तेल काढण्याची रीत पसरली, आणि २०१८ सालीं १९७० चा उच्चांक मोडला गेला. २०२३ सालीं उत्पादन दिवसाला सुमारे १२९ लाख पिंपांवर गेलें. जगाविषयीं हबर्टनें २००० सालाच्या सुमारास वर्षाला १२॥ अब्ज पिंपांचें शिखर सांगितलें होतें. त्या सालीं जगानें प्रत्यक्षांत त्याच्या सुमारे दुप्पट तेल काढलें. हबर्टचें गणित चुकलें काय? गणित चुकलें नाहीं. ‘आज जें तंत्र ठाऊक आहे आणि आज जेवढें तेल काढण्याजोगें समजलें जातें तेवढेंच राहिलें तर’ ही अट ढळली. खडकाच्या पोटांतील शेल तेल कांहीं २००८ नंतर उत्पन्न झालें नाहीं; तें काढणें परवडूं लागलें एवढेंच. भाव आणि कसब ह्या दोन गोष्टी भूतकाळच्या रेषेंत नव्हत्या, म्हणून भविष्यकाळच्या रेषेंत त्या उतरल्या नाहींत. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

यंत्रशिक्षणाचे भक्त म्हणतील, हबर्टपाशीं एक रेषा होती, आमच्या यंत्रापाशीं लक्षावधि आंकडे आहेत. ठीक आहे. पोहरा मोठा झाला. आड तोच राहिला. ह्या मोठ्या पोहऱ्याच्या ‘९८ टक्क्यां’ची आतां थोडी झडती घेऊं.

भारताचें कच्च्या तेलाचें उत्पादन सांप्रत महिन्याला सुमारे २४ लाख टन आहे, आणि लागोपाठच्या दोन महिन्यांत त्यांत पडणारा फरक सामान्यतः अगदीं थोडा असतो. ज्यानें संगणक पाहिलाही नाहीं अशा आमच्या एखाद्या आजीबाईनें ‘ह्या महिन्यांत जितकें तितकेंच पुढच्या महिन्यांत’ असें सांगितलें, तरी तिची अचूकता पुष्कळदां नव्वदांच्या वरच राहील. फेब्रुवारींत तेवढी ती फसेल, कारण त्या महिन्याचे दिवसच कमी. आणि दिवसांचा हिशेब तिला सांगितला तर तेथेंही फसणार नाहीं. तेव्हां यंत्र ९८ गुण मिळवितें हें पुरेसें नाहीं. आजीबाईला किती मिळाले असते, हें शेजारीं छापलें आहे काय? कितीएक निबंधांत तें छापलेलें नसतें. ज्या परीक्षेंत सर्वांनाच नव्वदांच्या वर गुण पडतात, त्या परीक्षेंतील पहिल्या नंबराचा पेढा वांटावयाचा नसतो, हें अध्यापनाच्या व्यवसायांत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांस तरी सांगावें लागूं नये.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. यंत्राची परीक्षा घेण्यासाठीं कांहीं आंकडे शिकवितांना बाजूला ठेवावयाचे असतात. काळाच्या क्रमानें चालणाऱ्या आंकड्यांत हे बाजूला ठेवलेले आंकडे शेवटचे असले पाहिजेत. म्हणजे यंत्रानें २०१४ पर्यंतचें शिकावें आणि २०१५ चें सांगावें. परंतु कितीएक अभ्यासक पत्ते पिसावे तसे सर्व दिवस पिसतात, त्यांतले कांहीं शिकण्यासाठीं देतात आणि उरलेल्यांवर परीक्षा घेतात. अशानें सोमवार व बुधवार यंत्राला आधींच ठाऊक असतात आणि परीक्षेंत त्याला मंगळवार विचारला जातो! हें भविष्यकथन नव्हे. दोन दांतांच्या मधली फट भरणें आहे. ह्या रीतीनें मिळविलेली अचूकता ही फुटलेल्या प्रश्नपत्रिकेवर मिळविलेली पहिली श्रेणी होय.

तिसरी गोष्ट अशी कीं, उत्पादनाच्या रेषेंतला प्रत्येक खळगा भूगर्भांत झालेला नसतो. २७ जुलै २००५ रोजीं आपल्या मुंबई हाय क्षेत्राच्या उत्तर भागांतील फलाटावर एक जहाज आदळलें, आग लागली, फलाट जळून गेला आणि २२ माणसें प्राणांस मुकलीं. त्या वर्षींच्या आंकड्यांत जो खड्डा दिसतो तो खडकाचा नाहीं, अपघाताचा आहे. २० एप्रिल २०२० रोजीं अमेरिकेंत कच्च्या तेलाचा वायद्याचा भाव शून्याखालीं, पिंपामागें उणे ३७ डॉलरपर्यंत घसरला; आणि त्या मे महिन्यापासून ओपेक राष्ट्रांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं मिळून दिवसाला ९७ लाख पिंपांची कपात ठरविली. जगांत रोगाची सांथ पसरली होती, मोटारी उभ्या होत्या, म्हणून झडपा आंवळल्या गेल्या. सौदी अरेबियांतून उद्यां किती तेल निघेल हें पुष्कळ अंशीं तेथील वाळूखालीं ठरत नाहीं, बैठकीच्या मेजाभोंवतीं ठरतें. आंकड्यांची रांग तेवढी पाहणाऱ्या यंत्राला अपघात, महामारी, करार आणि खडकाचा थकवा हे सर्व सारखेच दिसतात. चढउतार त्याला कळतो. कारण कळत नाहीं. आणि कारण कळल्यावांचून ‘पुनः असें होईल काय’ ह्या प्रश्नाला उत्तर नाहीं.

प्रतिपक्षाचें जें खरें तें आम्हांस मान्य केलें पाहिजे. भाकिताच्या पद्धतींची जाहीर कुस्ती लावण्याचा उपक्रम स्पायरॉस मक्रिडाकिस ह्या ग्रीक विद्वानानें चालविला. त्यांतील २०१८ च्या चौथ्या स्पर्धेंत एक लक्ष आंकडेमालिका होत्या, आणि निव्वळ यंत्रशिक्षणाच्या ज्या सहा पद्धति उतरल्या त्यांपैकीं एकही साध्या सांख्यिकी पद्धतींच्या मिश्रणाला मागें टाकूं शकली नाहीं. जुनें सांख्यिकीशास्त्र आणि नवें यंत्र ह्यांचा संकर करणारी पद्धति पहिली आली. पण २०२० च्या पांचव्या स्पर्धेंत, जेथें वॉलमार्टच्या दुकानांतील हजारों जिनसांची विक्री सांगावयाची होती, तेथें यंत्रशिक्षणानें बाजी मारली. ह्यांतून निघणारा धडा सरळ आहे. जेथें एकाच जातीचीं हजारों उदाहरणें आहेत आणि उद्यांचा दिवस आजच्यासारखाच असावयाचा आहे, तेथें यंत्र उपयोगी पडतें. अमेरिकेंतील शेल प्रदेशांत एकासारख्या एक हजारों विहिरी आहेत. तेथें नव्या विहिरीचा उतार ताडावयास तें लावावें. पंप बिघडण्याआधीं त्याची कुरकुर ओळखावयास लावावें. परंतु मुंबई हाय एकच आहे. तिला जुळी बहीण नाहीं. एका उदाहरणावरून शिकणाऱ्याला आपण विद्वान् म्हणत नाहीं.

आतां गिळलेला ‘जर’ कोणाच्या घशांत अडकतो तें आपल्या देशांतच पाहूं. मार्च २०१५ मध्यें दिल्लींतील ‘ऊर्जा संगम’ परिषदेंत पंतप्रधानांनीं असें लक्ष्य ठेविलें कीं, २०२२ पर्यंत तेलाच्या आयातीवरील अवलंबन दहा टक्क्यांनीं उतरवावें. त्या वेळीं तें सुमारे ७७ टक्के होतें. २०२२ उजाडलें तेव्हां तें ८५ च्या घरांत होतें. लक्ष्य ठेवण्यांत कांहीं पाप नाहीं. पण संकल्प आणि भाकित हीं दोन निराळीं वाक्यें आहेत, आणि संकल्पालाही ‘जर’ असतो : जर नवीं क्षेत्रें सांपडलीं, जर जुन्यांचा उतार थांबला. ते ‘जर’ कोणी लोकांपुढें मोजून ठेविले नाहींत, म्हणून कोणता फसला ह्याची चौकशीही झाली नाहीं.

याहून महाग पडलेलें उदाहरण कृष्णा-गोदावरी खोऱ्यांतील आहे. तें तेलाचें नसून वायूचें आहे. पण खडक आणि दाब ह्यांचे नियम दोघांनाही लागू आहेत. रिलायन्स कंपनीच्या डी-६ क्षेत्रांतून एप्रिल २००९ मध्यें वायु निघूं लागला. मंजूर आराखड्यांत त्यांतील मुख्य दोन साठ्यांतून दिवसाला ८० दशलक्ष घनमीटरांचें शिखर धरलें होतें. प्रत्यक्षांत तें कधीं गांठलें गेलें नाहीं. २०१० नंतर उत्पादन भराभर कोसळलें. सरकारी पक्षाचें म्हणणें, ठरल्याइतक्या विहिरी खणल्या नाहींत; कंपनीचें म्हणणें, भूगर्भाची रचनाच अपेक्षेहून निराळी निघाली. वाचकांनीं नीट पाहावें : हा सारा तंटा कोणता ‘जर’ ढळला एवढ्याचाच आहे. तो आधीं स्वच्छ लिहून सर्वांपुढें ठेवला असता, तर मागाहून एवढें भांडण्याची गरज पडली नसती. दरम्यान त्या वायूच्या भरंवशावर उभीं केलेलीं आंध्रांतील वीजकेंद्रें इंधनावांचून बसून राहिलीं, आणि आपल्या कोंकणांतील दाभोळच्या प्रकल्पाचाही तो आधार २०१३ सालापर्यंत तुटला. भाकित चुकलें तें कागदावर. अंधार पडला तो घरांत.

आणि आतां पुनः मुंबई हाय. १९७४ सालीं मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर समुद्राखालीं सांपडलेलें, १९७६ पासून तेल देणारें, आणि १९८० नंतरच्या दशकांत दिवसाला चार लाखांहून अधिक पिंपांवर पोहोंचलेलें हें क्षेत्र आज पुष्कळच उतरलें आहे. जानेवारी २०२५ मध्यें ओएनजीसीनें बीपी ह्या ब्रिटिश कंपनीस दहा वर्षांसाठीं तांत्रिक साहाय्यक नेमलें. तेल आणि वायु मिळून ‘आधाररेषे’च्या वर ६० टक्क्यांपर्यंत वाढ करतां येईल, असें तीत सांगितलें गेलें, पहिलीं दोन वर्षें ठराविक मोबदला आणि पुढें वाढीव उत्पादनाच्या उत्पन्नांतील वांटा, अशी व्यवस्था आहे. आतां ही ‘आधाररेषा’ म्हणजे काय? ही कंपनी आली नसती तर जें उत्पादन झालें असतें, त्याचें तें भाकित! जें घडणारच नाहीं अशा भविष्याची ती कुंडली आहे, आणि तिच्यावरून दहा वर्षें पैसा मोजला जाणार आहे. रेषा उतरती धरली तर उत्पादन नुसतें जागच्या जागीं राहिलें तरी तें ‘वाढ’ म्हणून गणलें जाईल. आडवी धरली तर खरी वाढही किरकोळ दिसेल. आम्ही कोणावर लबाडीचा आरोप करीत नाहीं. करार हिताचा ठरो, अशीच आमची इच्छा आहे. पण ज्या रेषेवरून सार्वजनिक धनाचा वांटा ठरतो, ती रेषा कोणत्या पद्धतीनें आणि कोणत्या अटी धरून काढली, हें ज्यांच्या मालकीचें तें तेल आहे त्या लोकांस कळलें पाहिजे. शेताच्या बांधाची मोजणी आपण उघड्यावर, पंचांसमक्ष करतों. समुद्राच्या बांधाची कां नाहीं?

नॉर्वेनें हें करून दाखविलें आहे. तेथें प्रत्येक तेलक्षेत्राचें मासिक उत्पादन कोणासही पाहावयास मिळतें. २००८ ते २०१६ पर्यंत चाललेल्या वोल्वे नांवाच्या क्षेत्राचे तर भूगर्भासकट सर्व आंकडे तेथील इक्विनॉर कंपनीनें २०१८ सालीं जगाला खुले केले. आपल्याकडे एकूण उत्पादनाचे मासिक आंकडे प्रसिद्ध होतात, पण विहीरवार आंकडे सामान्य अभ्यासकाच्या हातीं सहज पडत नाहींत. म्हणून मुंबईंतील विद्यार्थी आपल्या दारच्या समुद्राचा अभ्यास सोडून उत्तर समुद्रांतील त्याच त्या विहिरींवर प्रबंध लिहितात. गंगा दारीं आणि स्नानाला परगांवीं, अशांतला हा प्रकार!

आमच्या मागण्या थोड्या आणि बिनखर्चाच्या आहेत. सार्वजनिक कामासाठीं केलेल्या प्रत्येक भाकिताबरोबर त्याचे ‘जर’ क्रमवार छापावे. एकच आंकडा न देतां कमींत कमी व अधिकांत अधिक असा पल्ला द्यावा. यंत्राच्या गुणांशेजारीं आजीबाईचे आणि आर्प्सच्या रेषेचे गुण द्यावे, आणि परीक्षा पुढें घडलेल्या महिन्यांवरच घ्यावी. जुनीं भाकितें फाडून न टाकतां त्यांची वही ठेवावी, आणि दर वर्षीं त्या वहींत घडलेलें लिहावें. असल्या वहीनें खऱ्या शास्त्रज्ञाचें कांहींच बिघडत नाहीं. तिचें भय वाटावयाचें तें गुरुजींस.

वाचकांपुरतें बोलावयाचें तर त्यांनीं एवढें करावें. उद्यां सकाळीं चहाच्या पेल्याबरोबर ‘अमुक सालीं देशांत अमुक टन तेल निघणार’ अशी बातमी वाचनांत आली, कीं तो आंकडा मोठा कीं लहान, तो यंत्रानें सांगितला कीं माणसानें, हे प्रश्न क्षणभर बाजूला ठेवावे, आणि आपल्या मुलाबाळांदेखत मोठ्यानें एकच विचारावें : जर काय?